आधी गाडी दाखवा, मग मेण

आमच्या दुकानाच्या दाराशी एका जुन्या गाडीचं बॉनेट टांगलेलं असायचं. गाडी केव्हाच भंगारात गेली होती, बॉनेट तेवढं मी ठेवून घेतलं होतं. बेंगळुरात गाड्यांच्या सामानाचा बाजार भरतो त्या जे.सी. रोडला येणारं नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "अण्णा, हे विकायचंय का?" मी सांगायचो, "नाही हो, ती आमची परीक्षेची पाटी आहे."

चिकटपट्ट्या लावून मी त्या बॉनेटचे नऊ चौकोन केले होते. आठांवर आठ कंपन्यांची मेणं आणि नववा कोरा, काहीच न लावलेला. एकदा मेण लावलं की ते बॉनेट ऊन, पाऊस, बसचा धूर आणि समोरच्या झाडावरचे कावळे यांच्या स्वाधीन. दर पंधरा दिवसांनी मी त्यावर तांब्याभर पाणी ओतायचो. पाण्याचे गोल टपोरे थेंब होऊन ते घरंगळले, तर मेण अजून जिवंत आहे. पाणी पसरून तिथंच बसलं, तर मेण मेलं. डब्यावर 'सहा महिने टिकते' असं छापलेलं असो नाहीतर 'वर्षभर', माझ्या बॉनेटवर जे दोन महिने टिकलं त्याला मी दोन महिन्यांचंच म्हणायचो.

कंपन्यांच्या विक्रेत्यांना हे बॉनेट डोळ्यांत सलायचं. एक पठ्ठ्या तर मी आत जेवायला बसलोय असं बघून आपल्या चौकोनावर गुपचूप नवा हात फिरवून गेला. बाहेर येऊन बघतो तर आठ चौकोन धुळीनं माखलेले आणि याचा एकटाच नवरदेवासारखा नटलेला. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी त्याला कॉफी पाजली आणि त्याच्या देखत तो चौकोन पुसून कोरा केला. बिचारा कॉफीसुद्धा धड प्यायला नाही. पुढं त्याची माझी चांगली दोस्ती झाली आणि त्याच्याच कंपनीचं मेण मी सर्वांत जास्त विकलं. ते होतंच चांगलं, त्याला लबाडी करायची गरजच नव्हती.

आमचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेच्या घोड्यांबरोबर बेंगळुरात आले, असं आमच्या घरात सांगतात. त्यांनी घोडे खरारले, मी गाड्या चोळल्या, एवढीच काय ती घराण्याची प्रगती. इतकी वर्षं इथं राहून आमची मराठीही इथलीच झाली. मी 'स्वल्प थांबा' म्हणतो, 'बरं, बरं'च्या जागी 'सरी, सरी' म्हणून मान हलवतो, आणि पुण्याहून आलेली आयटीतली मुलं गालातल्या गालात हसतात. हसू देत. तीच मुलं 'अंकल, वॅक्स अव्हेलेबल आहे का' असं विचारतात तेव्हा मी कुठं हसतो?

छत्तीस वर्षं मी गाडीचं सामान विकलं. हॉर्न, सीटची कव्हरं, वायपर, सगळंच. पण जीव रमला तो मेणात. लोकांना वाटतं, मेण म्हणजे चमक आणणारी वस्तू. तसं नाही. चमक रंगाचीच असते. मेण त्या रंगावर एक पातळ पापुद्रा घालतं, म्हणजे ऊन, पाणी आणि पक्ष्यांची कृपा आधी त्या पापुद्र्याला सोसावी लागते. रंगावर ओरखडे पडले असतील तर ते घासून काढणारा लेप वेगळा, त्याला कंपाउंड म्हणतात. तो रंग खातो. माझ्याकडे एक निवृत्त मास्तर यायचे, त्यांनी दर रविवारी हौसेनं कंपाउंड चोळून चोळून दोन वर्षांत गाडीच्या टपाचा पत्रा उघडा पाडला होता. "चमकतंय की हो," म्हणाले. पत्राच तो, चमकणारच.

चांगलं मेण कसं ओळखायचं, हे मला लग्नकार्यातसुद्धा विचारतात. सांगून टाकतो, आता दुकान सुनेकडे आहे, माझं काय जातंय. दुकानात गेलात की डबा उघडून दाखवा म्हणावं. मेण डब्याच्या कडेपासून सुटलं असेल, मध्ये भेग पडली असेल, तर तो डबा काचेच्या कपाटात उन्हात शेकत पडलेला आहे, घेऊ नका. मग चिमूटभर मेण अंगठा आणि बोट यांच्यात चोळा. कणी लागली तर त्यात घासणारं काहीतरी मिसळलंय, नव्या गाडीला ते लावू नका. ब्राझीलमध्ये ताडासारखं एक झाड आहे, त्याच्या पानावरचं मेण सगळ्यांत नामी. ते मूळचं दगडासारखं कडक असतं, म्हणून डब्यात ते किती आहे आणि बाकी तेलं किती आहेत यावर सगळा खेळ. पातळ, बाटलीतलं मेण लावायला सोपं पण लवकर उतरतं. घट्ट डब्यातलं लावताना दंड भरून येतात, पण टिकतं. आणि वासावर जाऊ नका. एक बाई तीन डबे हुंगून झाल्यावर मला म्हणाल्या, "यात मोगरा नाही का?" मी म्हटलं, "आहे अक्का, पण तो चिकपेटेत, फुलवाल्याकडे."

एचएसआर लेआउटमधला एक पोरगा लॅपटॉप घेऊनच आला होता. बावीस मेणांचा तक्ता, प्रत्येकाला गुण, रंगीबेरंगी रकाने. तासभर तो मला मेण शिकवत होता. मी मुकाट ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी कुठं उभी करतोस?" म्हणाला, रेन ट्रीखाली. म्हटलं, बाळा, त्या झाडाचा चिकट रस रोज गाडीवर पडतो, तुला मेणाआधी कव्हर पाहिजे. त्यानं तक्त्यात नवा रकाना घातला, 'झाड' म्हणून. हुशार होता पोरगा.

तर हे असं. म्हणून माझा एकच नियम होता आणि तो मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचो: आधी गाडी दाखवा, मग मेण. रंग जुना की नवा, गडद की फिका, बंपरला काळं प्लास्टिक किती आहे, गाडी कुठं उभी असते, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी डबा हातात द्यायचो नाही. काळ्या प्लास्टिकला मेण लागलं तर पांढरे पट्टे उठतात आणि मग तेच गिऱ्हाईक आपल्या नावानं खडे फोडतं. लोक वैतागायचे. पार्किंगला जागा नाही, पोलीस उचलून नेतील, फोटो पाठवतो की, असं म्हणायचे. मी फडकं खांद्यावर टाकून चालू लागायचो. अर्धा किलोमीटर चालून गाडी बघून आलोय मी. जे.सी. रोडवर याची टिंगल व्हायची आणि मला तिचा फार अभिमान होता.

हा नियम मी एकदाच मोडला.

खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, बेंगळुरात गाडी धुतली नाही असं घर सापडायचं नाही. दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, बॉनेटवर विभूतीचे पट्टे, गंध, वर कुंकू, चाकाखाली लिंबं, आणि कोहळा फोडायचा तो वेगळाच. पण ही विभूती म्हणजे राख. ती कोरडी पुसली की रंगावर बारीक चरे पडतात. ओलं कुंकू पांढऱ्या गाडीवर दोन दिवस राहिलं तर तांबूस डाग बसतो. आधी मेण लावलेलं असलं तर सगळं नुसत्या पाण्यानं निघून जातं. त्यामुळे नवमीच्या आधीचे दोन दिवस आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. माझी बायको सुलभा बिलं करायला येऊन बसायची, आणि मी तिघांशी एकदम बोलायचो.

अशा गर्दीत सिद्दप्पा आला. सिद्दप्पा निपाणीकडचा, पन्नाशी ओलांडलेला. वीस वर्षं त्यानं टॅक्सी चालवली, आणि त्या दसऱ्याच्या तीन वर्षं आधी त्याला कोरमंगलातल्या एका मॅडमकडे नोकरी लागली. मॅडम पुण्याच्या, स्वतःची कंपनी, वय पस्तिशीचं. ठरलेला पगार, रविवारची सुट्टी, आणि मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाची दोन वर्षं अजून बाकी. सिद्दप्पाच्या बोलण्यात ही नोकरी म्हणजे देवानं उशिरा का होईना पण चिठ्ठीतून काढलेलं नाव होतं. आमच्याशी मराठी बोलायला मिळतं म्हणून तो काचेच्या साबणालासुद्धा कोरमंगलाहून इतक्या लांब यायचा.

"साहेब, नवी गाडी आलीय मॅडमची," तो म्हणाला. "जुनी पांढरी दिली काढून. ही राखाडी आहे, मोठी. तिची पहिलीच पूजा. मॅडम परदेशी गेल्यात, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येतील. येतील तेव्हा गाडी कशी दिसली पाहिजे, सांगा. तुमच्याकडचं सगळ्यात चांगलं मेण द्या, पैसे माझे घालतोय मी."

मी हात त्या चांगल्या डब्याकडे नेला आणि तेवढ्यात तो म्हणाला, "गाडी पलीकडच्या गल्लीत लावलीय. येताय नव्हं बघायला?"

समोर सात-आठ माणसं ताटकळत होती. मी म्हटलं, "राखाडीच ना? राखाडीला काय बघायचंय सिद्दप्पा. पातळ हात दे, सुकू दे, मग फडक्यानं काढ." डबा त्याच्या हातात दिला आणि पुढच्याकडे वळलो.

नवमीच्या दिवशी सकाळी दुकानाची पूजा आटोपून प्रसाद वाटत होतो. दारात गिऱ्हाइकं होती, आजूबाजूचे दुकानदार होते. सिद्दप्पा गाडी थेट दुकानासमोर घेऊन आला. तो उतरला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं, आणि गाडीकडे बघून माझंही उतरलं.

गाडी मॅट होती. मॅट रंग हल्ली पुष्कळ दिसतो, पण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या गाडीचा रंग गुळगुळीत असतो, म्हणून त्यात तोंड दिसतं. मॅट रंगाच्या वरच्या थराला मुद्दाम बारीक खरखरीतपणा ठेवलेला असतो, त्यामुळे प्रकाश विखुरतो आणि गाडी पाटीच्या दगडासारखी शांत दिसते. त्या खरखरीत थरात मेण गेलं की तो भाग चमकायला लागतो, आणि तोही सारखा नाही, ढगाढगांनी. आणि घासलं तर आणखी वाईट. घासलं की तो खरखरीतपणाच झिजतो, मग तिथं जन्माची चकाकी. सिद्दप्पानं तळघरातल्या पार्किंगमध्ये, दिव्याच्या उजेडात, मोठ्या भक्तीनं सगळ्या गाडीला मेण लावलं होतं. सकाळी पूजेसाठी गाडी उन्हात काढली तेव्हा त्याला दिसलं. सगळ्या अंगावर कोड उठावं तशी गाडी झाली होती.

"मॅट गाडी आहे हे सांगायला काय झालं होतं तुला?" मी ओरडलो. सगळ्यांसमोर. "अरे, साधी गोष्ट. मॅटला कुणी मेण लावतं का?"

सिद्दप्पा म्हणाला, "चुकलं साहेब."

बिचाऱ्याला मॅट हा शब्दच माहीत नव्हता. मॅडमनी किल्ली देताना एवढंच सांगितलं होतं की ही गाडी बाहेर ब्रशनं धुवायला देऊ नका. शेजारचा बॅटरीवाला मान हलवून म्हणाला, "हे ड्रायव्हर लोक असेच, सार." आणि मी त्याला काही बोललो नाही. उलट मला बरं वाटलं, हे लिहिताना आजही लाज वाटते.

दुपारी घरी जेवताना सुलभा म्हणाली, "तो तुम्हाला गाडी बघायला बोलवत होता."

मी म्हटलं, "सारात मीठ कमी आहे."

"मी बिल करत होते, माझे कान उघडे होते," ती म्हणाली आणि मीठ माझ्यापुढे सरकवलं.

गाडी मी दुकानामागच्या शेडमध्ये घेतली. मॅडम तिसऱ्या दिवशी यायच्या होत्या. मेण काढायचं, पण घासायचं नाही, अशी ती गंमत. तेल तोडणारं पातळ द्रावण फवारायचं, ते मेणाला आपोआप सोडवू द्यायचं, मग मऊ फडकं नुसतं टेकवून उचलायचं. टिपायचं, जसं लहान मुलाचं नाक टिपतो तसं. मग पाणी, मग पुन्हा पहिल्यापासून. हातभर जागेला अर्धा तास. सिद्दप्पा एका बाजूनं, मी दुसऱ्या. फडकी मोजली नाहीत, पण सुलभानं घरातल्या जुन्या सुती साड्याही पाठवल्या. दसऱ्याला मी सोनं द्यायला कुणाकडे गेलो नाही. वयाच्या पासष्टीला मी गाडीच्या दाराशी गुडघे टेकून बसलो होतो, आणि खरं सांगतो, कामाचा म्हणून एक आनंद असतो तो मला मिळत होता. ढग विरत होते. छत साफ झालं, दारं साफ झाली. दसऱ्याच्या दुपारी सिद्दप्पा पहिल्यांदा हसला.

काम करताना तो बोलायचा. "मॅडम ओरडत नाहीत, साहेब, हाच ताप आहे. ओरडल्या असत्या तर कळलं असतं. माझ्या आधीच्या ड्रायव्हरनं गाडीला ओरखडा पाडला आणि गप्प बसला. त्यांना चार दिवसांनी कळलं. त्याला त्यांनी चहा दिला, महिन्याचा पगार दिला आणि म्हणाल्या, उद्यापासून येऊ नका." थोड्या वेळानं तो म्हणाला, "पोरीला अजून सांगितलं नाही मी."

संध्याकाळी बॉनेटवर आलो. बॉनेटच्या डाव्या बाजूला तळहाताएवढी एक जागा काही केल्या निघेना. चार वेळा द्रावण दिलं, पाचव्यांदा दिलं. मग मी त्यावरून नख फिरवून बघितलं, तिथं मेण नव्हतंच. मी सिद्दप्पाकडे बघितलं.

"तिथं पाखरानं घाण केली होती," तो म्हणाला. "निघेना म्हणून जोर लावला मी. तुमच्याच डब्यातलं मेण घेऊन घासलं चांगलं."

म्हणजे तो खरखरीत थरच झिजला होता. आता ती जागा जन्मभर चमकणार. सगळं बॉनेट नव्यानं रंगवायचं म्हटलं तर मॅट रंगाची छटा दारांशी कधीच जुळत नाही, गाडीला दुसऱ्याच गाडीचं तोंड लावल्यासारखं दिसतं. छत्तीस वर्षांत शिकलेलं सगळं मी त्या तळहाताएवढ्या जागेवर वापरून बघितलं आणि हात टेकले.

"मी येतो तुझ्याबरोबर," मी म्हणालो. "मॅडमना मॅट रंगाचं सगळं नीट समजावून सांगायला पाहिजे."

"कशाला साहेब, तुम्हाला त्रास."

"येतो म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा सुलभानं इस्त्रीचा शर्ट तेवढा काढून ठेवला होता.

कोरमंगलाच्या त्या इमारतीत मॅडम खाली आल्या त्या प्रवासानं सुजलेल्या डोळ्यांनी, हातात कॉफीचा कप घेऊन. सिद्दप्पानं गाडी अंगणात उजेडात उभी केली होती, तो डाग दिसेल अशी. लपवायचा असता तर भिंतीकडे तोंड करून लावता आली असती, ते माझ्याही मनात येऊन गेलं होतं. मी ऑटोत बसल्या बसल्या भाषण तयार केलं होतं. मॅट म्हणजे काय, मेण म्हणजे काय, दोन दिवस आम्ही काय काय केलं. त्या भाषणात सगळं होतं, फक्त चूक कुणाची तेवढं नव्हतं.

मी तोंड उघडायच्या आत सिद्दप्पा म्हणाला, "मॅडम, माझी चूक झाली. पूजेसाठी म्हणून मी गाडीला मेण लावलं. या साहेबांच्या दुकानातून घेतलं होतं. साहेबांनी मला आधीच बजावलं होतं, मॅट गाडीला लावू नको म्हणून. मी ऐकलं नाही. त्यांनी दोन दिवस बसून बाकीचं काढून दिलं. एवढंच राहिलंय."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "हो का काका?"

सिद्दप्पा जमिनीकडे बघत होता. मी एक 'हो' म्हटलं असतं की संपलं असतं. दुकानाचं नाव राहिलं असतं, वर दोन दिवस राबल्याचं पुण्यही पदरात पडलं असतं.

"खोटं बोलतोय तो," मी म्हणालो. माझा आवाज मलाच चोरट्यासारखा वाटला. "मी काही बजावलं नव्हतं. तो मला गाडी बघायला चला म्हणत होता. दुकानात गर्दी होती, मी गेलो नाही. मी न बघता डबा दिला. आणि नवमीला सगळ्या लोकांसमोर त्यालाच बोललो. त्याला मॅट हा शब्दसुद्धा माहीत नव्हता, बाई. तुमच्यासाठी हौसेनं केलं त्यानं. चूक माझी आहे, बॉनेट रंगवायचं असेल तर ते मी करून देतो. त्याला काढू नका."

त्यांनी कप बॉनेटवर ठेवायला हात पुढं केला, मग गाडीकडे बघून मागे घेतला आणि तो पायरीवर ठेवला. डागावरून बोट फिरवलं. "रंगवलं तर जुळेल?"

"नाही जुळणार."

"मग कशाला रंगवायचं? राहू दे." त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग त्यांना हसू आलं. "काका, माझ्या ऑफिसमध्ये काही बिघडलं ना, की चाळीस जण दोन दोन तास कॉलवर बसतात आणि शेवटी असं निघतं की ते कुणीच केलेलं नाही. इथं एका डागाला दोन मालक आहेत." त्या सिद्दप्पाकडे वळल्या. "सिद्दप्पा, उद्या सकाळी आठला निघायचंय. आणि परत कुणासाठी खोटं बोलू नका, तुम्हाला जमत नाही ते. मान खाली घालून कुणी खोटं बोलतं का?"

सिद्दप्पानं मान वर केली. मग त्या मला म्हणाल्या, "या गाडीला मी लावायचं तरी काय?"

"पाणी," मी म्हटलं. "आणि मऊ फडकं. तुम्हाला विकण्यासारखं माझ्याकडे काही नाही." छत्तीस वर्षांत गिऱ्हाइकाला मी दिलेला हा सर्वांत स्वस्त सल्ला.

सिद्दप्पा मला फाटकापर्यंत सोडायला आला. ऑटो येईपर्यंत आम्ही उभे होतो. मी विचारलं, "का रे असं सांगितलंस? नोकरी गेली असती."

तो म्हणाला, "मला काय साहेब, दुसरी गाडी मिळाली असती. तुमच्या दुकानाचं नाव गेलं असतं, तर ते तुम्ही दुसरं कुठून आणणार होता?"

पन्नाशी उलटलेल्या माणसाला या गावात दुसरी गाडी किती सहज मिळते, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. मी त्याचा हात धरला, तेवढ्यात ऑटोवाला "बेगा हत्ती सार", लवकर बसा, म्हणून घाई करायला लागला आणि मी बसलो.

सिद्दप्पा अजून त्याच मॅडमकडे आहे. त्याची मुलगी इथल्याच एका इस्पितळात नर्स झाली. दिवाळीला दोघं येतात, सुलभाच्या चकल्या खातात, आणि तो विषय सिद्दप्पा कधी काढत नाही. मॅडमना मी खरं सांगितलं, सुलभाला ते आधीपासूनच माहीत होतं. पण नवमीच्या सकाळी प्रसादाला थांबलेल्या ज्या लोकांसमोर मी त्याला ओरडलो, त्यांना मी पुढं कधी काही सांगितलं नाही. बॅटरीवाला दुकान विकून गेला. बाकीची येणारी-जाणारी माणसं, त्यांचे चेहरेही आता आठवत नाहीत. त्यांच्यापैकी कुणी मराठी असेल आणि हा अंक त्याच्या हातात पडला असेल, तर त्याच्यासाठी एवढं लिहून ठेवतो. त्या ड्रायव्हरची काही चूक नव्हती. तो मला गाडी बघायला चला म्हणत होता. मी गेलो नाही.